सईच्या वाटणीची खीर

"सिमेंटला रोज पाणी मारतात, त्याला काय म्हणतात ठाऊक आहे ना?" मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या बसल्या अर्बन म्हणाला. "क्युरिंग. तुझं क्युरिंग चाललंय, हिल्डा. मार आणखी चार दिवस पाणी. भाताचा स्लॅब पडेल."

हिल्डाने वर पाहिलंच नाही. तिच्या एका हातात मग होता आणि दुसऱ्या हातात त्याच नवऱ्याच्या फाटक्या बनियनचा ओला बोळा. तान्ह्या पोराची बोटं पुसावीत तशी ती एकेक लोंबी पुसत होती. पुसून काही होत नव्हतं. शेजारच्या अर्धवट टॉवरवरून उडणारी धूळ नुसती धूळ असती तर धुतली गेली असती. ते सिमेंट होतं. भात स्वच्छ राहावं म्हणून ती आठवडाभर रोज संध्याकाळी पाणी शिंपडत होती, आणि सिमेंटने आपला धर्म पाळला होता. लोंब्यांवर राखाडी कवच धरलं होतं.

"मला आधी बोलायला काय झालं होतं?" ती शेवटी म्हणाली.

"मला वाटलं, तुला कळतंय. तू कुठे विचारून करतेस काही?"

"तू बस तिथेच. पंचवीस वर्षं बांधकामावर फिटरची नोकरी केलीस, आणि आज हुशारी सुचली."

ते शेत म्हणजे खरं तर एक पट्टा होता. एक खाट आडवी टाकली तर दोन्ही बाजूंना टेकेल एवढा. एका अंगाला घराची मागची भिंत, दुसऱ्या अंगाला हॉटेलचं उंच कंपाउंड. अंधेरीतल्या या गावठाणाभोवती एकेकाळी सगळी भातशेती होती, असं नव्या माणसांना सांगितलं की ती हसून मान डोलवतात. लहान मुलाने हत्ती पाहिला म्हटलं की डोलवतात तशी. पण होती. हिल्डाच्या बापाचं शेत आता हॉटेलच्या पायाखाली होतं. भावाभावांच्या भांडणात आणि वकिलांच्या घशात ते गेलं तेव्हा कोणीतरी मोजणीत चुकलं, आणि हा पट्टा राहिला. वसईहून बियाणं आणून दरवर्षी जूनमध्ये हिल्डा त्यात भात पेरायची. गावठाणातले लोक हसायचे. हसोत.

कारण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा. नव्या भाताच्या जुड्या वाजतगाजत देवळात न्यायच्या, फादरचा आशीर्वाद घ्यायचा आणि घरी आणून आल्तारावर, घरच्या देव्हाऱ्यावर, ठेवायच्या. आता सगळ्या गावठाणाच्या जुड्या वसईहून टेम्पोने येतात. हिल्डाची तेवढी एक घरची. तिच्या माहेरी, म्हणजे याच घरात, आणखी एक रीत होती. ज्या पोराचा पहिला आगेरा असेल त्याला उंबऱ्याच्या आत मांडीवर घेऊन बसायचं आणि आपल्या मातीतल्या नव्या दाण्यांची खीर बोटाने चाटवायची. हिल्डाला तिच्या आजीने चाटवली होती. तिच्या मुलाला, डेल्रॉयला, हिल्डाने. आणि उद्या सईची पाळी होती.

सई दहा महिन्यांची. कॅनडात जन्मलेली. सई हे नाव तिची आई श्रुतिका हिने ठेवलेलं; बाप्तिस्म्याचं नाव वेगळं आहे, पण ते फादर सोडून कोणाच्या लक्षात नाही. हिल्डाने नातीला आजवर फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. त्यातही निम्म्या वेळा कान दिसायचा.

डेल्रॉयने तिकिटं काढल्यापासून सगळं जग त्याला सांगत होतं, मुंबईला जाऊ नका. श्रुतिकाच्या आईवडिलांनी कांदिवलीची खोली विकली आणि ते कुडाळला जाऊन राहिले. त्यांनी सांगितलं, सरळ गोव्यात उतरा, मुंबई टाळा. कॅनडातल्या मित्रांनी सांगितलं, तान्हं मूल घेऊन कुठे त्या धुरात. आणि समोरच्या घरातली जोॲन, जी जन्मात गावठाणाबाहेर राहिली नव्हती, तीसुद्धा रोज सकाळी देवाच्या फोटोआधी एक व्हिडिओ पाठवायची: मुंबईचे खड्डे, मुंबईची उघडी गटारं, मुंबईच्या हवेतलं विष. खाली हात जोडल्याचं चित्र. मुंबई संपली.

हिल्डाला त्या शब्दाची चीड होती. संपली म्हणे! घरात कोणी आजारी असलं तर माणसं डॉक्टर शोधतात, ही माणसं आधी हार आणायला धावतात. आणि आम्ही? आम्ही इथे रोज सकाळी उठतो, पाणी भरतो, मासळी आणतो, भांडतो, जेवतो. संपलेल्या गावात कोणी जेवतं का? एकदा तिने जोॲनला तोंडावर विचारलं होतं, "तू जिवंत आहेस ना गं?"

"आहे की."

"मग तुझ्या फोनला सांग तसं."

फोन वाजला तेव्हा तिचे हात ओलेच होते. अर्बनने तो तिच्या कानाला लावला.

"मम्मा, उतरलो. पोहोचलो हॉटेलवर," डेल्रॉय म्हणाला.

"हॉटेलवर?"

"मम्मा, मी बोललो होतो ना तुला. म्हणजे बोलणारच होतो. दोनच रात्री आहेत, मग कुडाळ. सईला एसी लागतो, फिल्टर लागतो. आपल्या मागचंच हॉटेल घेतलंय. एकदम जवळ."

हिल्डाने मान वर केली. कंपाउंडच्या वर निळ्या काचांचा डोंगर उभा होता. त्यातल्या कुठल्यातरी काचेमागे तिची नात होती.

"उद्या आगेरा आहे," ती म्हणाली. "खीर आहे तिची."

"हो मम्मा, बघू ना. सकाळी हवा कशी आहे ते बघू. श्रुतिका रोज ॲप बघते. हिरवं असलं तर आणू."

"आणि लाल असलं तर?"

"बघू ना, मम्मा."

तो 'बघू ना' हिल्डाला ओळखीचा होता. लहानपणी अभ्यास झाला का विचारलं की तो हेच म्हणायचा.

ती तशीच उठली, ओल्या फ्रॉकवर, आणि टॉवरच्या गेटवर गेली. तिथला सुपरवायझर प्रितम नावाचा मुलगा होता. डोक्यावर पिवळी टोपी, पायात महागडे बूट, आणि चेहऱ्यावर सदैव कोणीतरी ओरडणार आहे असा भाव. टॉवरला धूळ अडवायला लावलेली हिरवी जाळी फाटून महिने झाले होते. हिल्डाने वॉर्ड ऑफिसला तीन खेपा घातल्या होत्या. तिथल्या माणसाने तिन्ही वेळा तिला खुर्ची दिली होती, आणि एवढंच.

"उद्या रविवार," ती म्हणाली. "काम बंद ना?"

"बंद, आंटी. रविवारी बंदच असतं."

"माझी नात यायची आहे. पहिल्यांदा. तुझ्या धुळीवर ठरणार आहे ती यायची की नाही. समजलास?"

"आईशपथ बंद, आंटी."

"आईला मध्ये घेऊ नको. तुझ्या आईने काही केलेलं नाही. तू सांग, तू."

"मी सांगतो ना. बंद म्हणजे बंद. पाणी पण मारून घेतो रस्त्यावर."

"पाणी मारू नको," हिल्डा घाईने म्हणाली.

संध्याकाळी तिने चांगला फ्रॉक घातला, मैद्याचे फुगे तळून त्यांचा डबा भरला, आणि हॉटेलला निघाली. मागच्या भिंतीला दार असतं तर वीस पावलांत पोहोचली असती. दार नव्हतं. त्यामुळे तिला गावठाण ओलांडून, गटारावरच्या फळीवरून, मेन रोडने वळसा घालून आपल्याच शेतात जावं लागलं. खोदलेल्या रस्त्याच्या कडेकडेने, एका हाताने डबा सांभाळत.

गेटवरच्या वॉचमनने हात आडवा केला. "मावशी, कामाचं गेट मागल्या बाजूला हाय."

"मी कामाला नाही आले. माझा मुलगा राहतो आत."

त्याने तिच्याकडे, डब्याकडे पाहिलं. लातूरकडचा असावा, बोलण्यावरून. वाईट माणूस नव्हता. "राहतो म्हंजे, गेस्ट हायेत व्हय? मग जावा. पण डबा हितं ठिवा. बाहेरचं खाणं आत चालत न्हाई."

"बाहेरचं?" हिल्डा म्हणाली. "अरे बाबा, इथे बांध होता माझ्या बापाचा. तू उभा आहेस ना, बरोब्बर तिथे. चिखलात उभा राहून तो न्याहारी करायचा, आणि ती मी आणायची, ह्याच फुग्यांची. बाहेरून आलंय ते तुझं हॉटेल."

वॉचमनने पायाखालच्या चकचकीत फरशीकडे पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं. "पिशवीत घाला मावशी," तो हळूच म्हणाला. "मशीनवाल्याला सांगतो, औषध हाय म्हणून."

औषध! हिल्डाचा संताप तिथून लिफ्टपर्यंत पुरला. आपल्या लेकराला आपल्या हातचं खायला न्यायचं, तर ते औषध म्हणून चोरून न्यायचं.

खोली थंडगार होती. कोपऱ्यात एक पांढरं यंत्र घुमत होतं. टेबलावर साबणाच्या वडीएवढं दुसरं यंत्र, त्यावर हवेचा आकडा आणि हिरवा दिवा. डेल्रॉयने तिला मिठी मारली. पोट सुटलं होतं त्याचं. श्रुतिका उठून उभी राहिली, "या ना मम्मी," म्हणाली आणि लगेच हात स्वच्छ करायची बाटली पुढे केली.

हिल्डाने हात पुसले. निमूटपणे पुसले. सगळं आयुष्य तिने म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात आया म्हणून काढलं होतं. हात धुतल्याशिवाय बाळाला शिवू नये हे तिला या बाटलीने शिकवायची गरज नव्हती. पण ते सगळं ती विसरली. कारण पलंगावर उशांच्या मधोमध सई बसली होती आणि तिच्याकडे टक लावून बघत होती. पडद्यावर दिसायची त्याहून खूप लहान. आणि कान, खरंच, बापाचेच.

खिडकीची काच मजल्याइतकी उंच होती आणि उघडायची सोय नव्हती. खाली गावठाण दिसत होतं. हिल्डाने आपलं गाव असं वरून कधी पाहिलं नव्हतं. पत्रे, निळ्या ताडपत्र्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, मधे क्रूस, आणि सगळ्यावर एक मळकट पांढरा थर. तिचं भात रुमालाएवढं दिसत होतं. रुमालही धुतलेला नाही.

"ते बघ आपलं घर," डेल्रॉय सईला म्हणाला. "ते बघ, माझा पपा बसलाय मागे."

"काचेतून काय दाखवतोस?" हिल्डा म्हणाली, आणि मग मात्र तिला थांबता आलं नाही. "इतक्या लांबून आलात, समुद्र ओलांडून, आणि शेवटची भिंत तेवढी ओलांडवत नाही? तू त्या घरात वाढलास ना? मेलास का? श्रुतिका, तू तर कांदिवलीची. तुला काय झालं? की आता लाज वाटते माझ्या घरात पोरीला ठेवायची? तसं असेल तर सरळ सांगा. ॲपवर कशाला ढकलता?"

"मम्मा, प्लीज," डेल्रॉय म्हणाला.

श्रुतिका डेल्रॉयकडे वळली. "तू सांगितलं नाहीयेस?"

डेल्रॉयने मान खाली घातली.

"काय सांगितलं नाही?"

"मम्मी," श्रुतिका म्हणाली, आणि तिचा आवाज शाळेत उत्तर पाठ म्हणणाऱ्या मुलीसारखा सपाट झाला. "ती दोन महिन्यांची होती तेव्हा तिला छातीचं इन्फेक्शन झालं. आयसीयूमध्ये होती. नाकात नळी. मी बाहेर बसून दूध काढायचे आणि ते आत नेऊन द्यायचे, मला तिला घ्यायला देत नव्हते. बरी झाली. पण डॉक्टर म्हणाले, वर्ष-दीड वर्ष धूळ, धूर काही नको. एकदा घरघर सुरू झाली की परत तेच." तिने नाक पुसलं. "मला लाज नाही वाटत, मम्मी. मला भीती वाटते. रात्री मी तिच्या नाकापुढे बोट धरून बसते."

हिल्डाच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं: तिकडच्या आरशासारख्या हवेत पोर आजारी पडली, आणि बदनाम आमची हवा? तिने ते गिळलं. तिने सईला उचललं. छातीशी न धरता उलटं, खांद्यावर टाकलं, आणि तिच्या इवल्याशा पाठीला कान लावला. किती पाठींना लावला असेल हा कान. खोलवर कुठेतरी, एकदम बारीक, बंद दारातून वारा यावा तशी शीळ होती.

तिने सईला अलगद परत उशांमध्ये ठेवलं.

"मला का नाही सांगितलंस?" तिने डेल्रॉयला विचारलं.

"तू काळजी केली असतीस."

"मग काळजी करायची नाही तर मी आहे कशाला? वाढदिवसाला फोनवर हात हलवायला?"

डेल्रॉय रडायला लागला. मोठा झाल्यावर रडताना तो अर्बनसारखा दिसत होता. हिल्डाने त्याला रडू दिलं. मग ती श्रुतिकाला म्हणाली, "उद्या तिला आणू नको."

"हिरवं असलं तरी?"

"ॲपला काय कळतं? मी खाली राहते. माझं भात बघून मी सांगते. नको आणू."

त्या रात्री अर्बनने विचारलं, कशी आहे पोर. "गोड आहे," एवढंच ती म्हणाली, आणि खीर करायचा नारळ फोडायला बसली.

रविवारी सकाळी बँड वाजला. बायका लाल चौकड्यांची लुगडी नेसून, केसांत फुलं माळून निघाल्या. टेम्पोवर वसईच्या जुड्या पिवळ्याधमक झळकत होत्या. हिल्डाने आपली जुडी हातात घेतली होती. सगळ्यांमध्ये ती एकटीच राखाडी.

"तुझं भात म्हातारं झालं गं, हिल्डा," जोॲन म्हणाली. "केस पिकले त्याचे."

"ज्याने पिकवले त्याला सांगते घरी जाताना."

फादरने सगळ्या जुड्यांवर पाणी शिंपडलं, हिच्याही. देवाने रंग पाहिला नाही. परतताना गावठाणाच्या तोंडाशी मिरवणूक फुटली, जो तो आपापल्या घराकडे वळला, आणि हिल्डाला तो आवाज ऐकू आला. मिक्सर. टॉवरवर काम चालू होतं. पोत्यांवर पोती फुटत होती, आणि फाटक्या जाळीतून पांढरा लोट सावकाश, कोणाचीही घाई नसल्यासारखा, तिच्या घरावर उतरत होता.

ती लुगड्यात, जुडी हातात, गेटवर उभी राहिली. प्रितम तिला बघून पुढे आला, मग थबकला.

"आंटी, वरून ऑर्डर आली. स्लॅबची तारीख आहे. मी बोललो होतो त्यांना, खरंच."

"काल मी माझ्या नातीला सांगून आले, घरी येऊ नको," हिल्डा म्हणाली. ती ओरडली नाही, आणि त्यामुळेच मिक्सरजवळचे दोघे वळून बघू लागले. "माझ्या तोंडाने सांगितलं. लोक इतके दिवस सांगत होते, मुंबईत नका जाऊ, आणि मी त्यांच्याशी भांडत होते. म्हणत होते, काही झालेलं नाही माझ्या गावाला. तुम्ही मला खोटं पाडलंत. शहर आपोआप सडत नाही, बाळा. नव्या जाळीला चार पैसे पडतील म्हणून कोणीतरी ती बदलत नाही, कोणीतरी बघून न बघितल्यासारखं करतो, कोणीतरी मला खुर्ची देतो. मग टीव्हीवर येऊन म्हणतात, अरेरे, मुंबई संपली. संपली नाही. संपवताय."

"मी काय करू, आंटी? मी पण पगारी माणूस आहे."

ते खरं होतं. त्याच्या पापण्यांवरही पांढरं साचलं होतं. हिल्डाने त्याच्याकडे बघितलं.

"लग्न झालंय?"

"हो. बायको गावी आहे. डिलिव्हरीला."

"बाळंत झाली की लगेच इथे आणू नको तिला."

वाक्य तोंडातून गेलं आणि तिची तिलाच चीड आली. हेच तर सगळे म्हणत होते. आता तीही त्यांच्यातली एक झाली होती.

घरी येऊन तिने सगळ्या खिडक्या लावल्या. आशीर्वादाच्या लोंब्यांतले मूठभर दाणे उखळीत हलक्या हाताने कांडले, पाखडले, धुतले. पाणी गढूळ आलं, परत धुतले. ते तांदूळ नारळाच्या रसात, गुळात शिजायला टाकले. डेल्रॉय एकटा येऊन आशीर्वाद घेऊन जाणार होता. त्याच्या हाती खीर पाठवायची नाही, असं तिने ठरवलं होतं. हॉटेलात औषध म्हणून जाणारी खीर तिला नको होती.

दारात कोणीतरी उभं राहिलं. तोंडाला मास्क लावलेली श्रुतिका. एकटी.

"सई त्याच्याकडे आहे," ती म्हणाली. "मी आले. चालेल?"

श्रुतिकाने उंबऱ्यावर मास्क काढला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. मग पायरीवर बसलेल्या अर्बनच्या पाया पडली. अर्बन गडबडून म्हणाला, "गॉड ब्लेस, गॉड ब्लेस, अगं आमच्यात असं वाकत नाहीत," आणि डोळे पुसायला आत गेला.

"अंगावर पिते ना अजून?" हिल्डाने विचारलं.

"हो. रात्री तर सोडतच नाही."

"मग बस. इथे, उंबऱ्याच्या आत. तू खा. तुझ्यातून जाईल तिला."

श्रुतिका भिंतीला टेकून बसली. हिल्डाने वाटी भरली आणि पहिला घास स्वतः बोटाने तिला चाटवला. ती लाजली नाही. मग वाटी हातात घेऊन सावकाश खाऊ लागली.

"मला चीड येते, मम्मी," ती मध्येच म्हणाली. "मी कांदिवलीच्या त्या मैदानात वाढले. गुडघे फोडून घ्यायचे, कोणी काही बोलायचं नाही. आता आईबाबा गावी, मी तिकडे, आणि जो तो म्हणतो, सुटलात. कोणी हाकललं नसतं तर सुटलो कशाला असतो? मला माझ्या पोरीला माझंच शहर काचेतून दाखवावं लागतंय. प्राण्यांच्या बागेत वाघ दाखवतात तसं."

"वाघ कुठला," हिल्डा म्हणाली. "वाघाला निदान घाबरतात."

श्रुतिका हसली. खाता खाता एकदा जराशी थांबली, डोळे मिटले, मग परत चावायला लागली. "छान झालीय," ती म्हणाली. "अजून आहे?"

हिल्डाने आणखी घातली. तिला इतकं बरं वाटलं की ती स्वतःसाठी घ्यायचंही विसरून श्रुतिकाच्या वाटीकडेच बघत राहिली. नव्या बाळंतिणींकडे ती अशीच बघायची, वॉर्डात, पेज संपेपर्यंत. आजूबाजूला कितीही आरडाओरडा असो, आई खाते आहे तोवर कोणाला मध्ये येऊ द्यायचं नाही, हा तिचा तिथला कायदा होता.

वाटी रिकामी झाली तेव्हा श्रुतिकाने एकदम खाली पाहिलं. तिच्या कुडत्यावर दोन ओले डाग पसरत चालले होते. तिने घाईने ओढणी शोधली. ओढणी आणलेली नव्हती.

"भूक लागलीय तिला," हिल्डा म्हणाली. "फोन येईल बघ आता."

तिने कपाटातून स्वतःचा चर्चला न्यायचा स्कार्फ काढला आणि सुनेच्या खांद्यांवरून पुढे नीट पांघरला. "जा. पळ. फळीवरून जपून."

श्रुतिका मास्क लावून, स्कार्फ छातीशी धरून, गल्लीतल्या बायकांमधून वाट काढत जवळजवळ धावत गेली. वळणावर तिने हात केला.

हिल्डा आत आली. पातेल्यात दोन-तीन डाव खीर उरली होती. तिने ती वाटीत काढून अर्बनला दिली. त्याने चमचा तोंडात घातला, आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"हिल्डा," तो म्हणाला, "कचकच लागतेय. सिमेंट आहे यात."

"काहीतरीच."

"मी फिटर आहे, बाई. सिमेंट कळतं मला."

तिने त्याच्या हातातून वाटी घेतली आणि चमचाभर तोंडात घातलं. नारळ गोड होता, गूळ बरोबर होता, आणि दातांखाली बारीक, निर्दय कचकच. प्रत्येक घासात. तिला श्रुतिकाचं ते क्षणभर थांबणं आठवलं. ते डोळे मिटणं. ते 'अजून आहे?'

अर्बनने थुंकण्यासाठी बशी पुढे केली.

हिल्डाने ती हाताने बाजूला सारली, आणि उभ्याउभ्याच वाटीतली खीर शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली.